मधल्या रांगेचा हिशोब

सात आसनी गाडी घेणाऱ्या घरात माणसं बहुधा सहा असतात. आई-बाबा, आजी-आजोबा, एक शाळेत जाणारं पोर आणि एक कडेवरचं. जुन्या पाच आसनी गाडीतही हे सगळे मावत होते: थोरलं पोर दोन मोठ्यांच्या मध्ये चेपून, धाकटं आजीच्या मांडीवर. मग कधीतरी मुलांच्या डॉक्टरांनी बजावलं म्हणून, किंवा न्यू जर्सीहून आलेल्या आत्याने डोळे वटारले म्हणून घरात कार सीट येते. धाकट्यासाठी सीट आली की थोरल्यासाठी बूस्टर येतो. दोन्ही मागच्या बाकावर ठेवले की मध्ये वीतभर जागा उरते आणि तिथे फार तर मुलांची दप्तरं बसतात. आजी-आजोबांनी बसायचं कुठे, या प्रश्नातून तिसऱ्या रांगेची चर्चा सुरू होते.

इथवर सगळं रीतसर चालतं. पण शोरूममध्ये पाऊल टाकताना, जिच्यापायी हा खटाटोप मांडला ती सीट घरीच राहिलेली असते. तिथे सनरूफ उघडून दाखवतात, मोठ्या स्क्रीनवर गाणं लावून दाखवतात आणि तिसऱ्या रांगेत सेल्समन स्वतः बसून ‘बघा सर, आरामात’ म्हणतो. तो आरामात बसतो कारण त्याने मधलं आसन उलटवून आत जायची वाट केलेली असते. त्याच आसनावर बाळाची सीट घट्ट बसवलेली असती तर तो आत कुठून गेला असता, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते तीन रांगांच्या गाडीची निवड मधल्या रांगेवरच ठरते, तीही मुलांच्या सीट लावून पाहिलेल्या मधल्या रांगेवर. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १९४-ब हे कलम आणलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांसाठीच्या सीटशिवाय गाडीतून नेलं तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड. कलम पुस्तकात आहे, पण त्यासाठी सिग्नलवर कुणाची गाडी बाजूला घेतलेली मी तरी पाहिलेली नाही. मागच्या बाकावरचा बेल्ट लोकांच्या बोलण्यात आला तो ४ सप्टेंबर २०२२ नंतर. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. मोठ्यांचं असं झालं. मांडीवरच्या मुलाबद्दल मात्र ‘मी घट्ट धरलंय ना’ हे वाक्य अजून चालतं. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली तर दहा किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला त्या क्षणापुरता तीनशे किलोच्या आसपास जोर लागतो. पोत्याच्या हमालालाही तो जमणार नाही. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगाची मर्यादा आहे १००, समृद्धी महामार्गावर १२०.

आता सीटकडे. मुलांची सीट एकच एक वस्तू नसते, मुलाच्या वयाप्रमाणे ती बदलते आणि प्रत्येक प्रकार गाडीतली वेगळी जागा खातो. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. पुढून धक्का बसला की अशा सीटमध्ये तो भार मानेऐवजी पूर्ण पाठीवर पसरतो. युरोपात आता लागू असलेला आर-१२९ हा नियम किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर २०१८ पासून म्हणते आहे की वयाकडे पाहू नका, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसतंय तोवर त्याचं तोंड मागेच ठेवा. आपल्याकडे पहिला वाढदिवस झाला की सीट फिरवायची घाई होते, कारण ‘त्याला काही दिसत नाही’. त्याला मागची काच दिसते, आणि शेजारी बसलेली आजी दिसते. त्याचं भागतं.

ही मागे तोंड केलेली सीट लांबीला मोठी असते. ती तिरपी बसते, तिचं डोकं पुढच्या आसनाच्या पाठीला टेकतं आणि पुढचं आसन चार बोटं पुढे सरकवावं लागतं. गाडी चालवणारा सहा फुटी असेल तर ड्रायव्हरच्या मागे ही सीट मावतच नाही अशा गाड्या आहेत. थोडं मोठं मूल पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये बसतं. ती लांबीला कमी पण उंचीला जास्त असते, आणि गाडीच्या आसनाचा हेडरेस्ट आड आला तर नीट टेकत नाही. तिसरा प्रकार बूस्टरचा. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. मोठ्यांचा बेल्ट मुलाच्या गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटाऐवजी मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावरून जावा एवढंच तिचं काम. आर-१२९ मध्ये या सीटची मजल १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत जाते. म्हणजे पाचवी-सहावीतलं पोरही त्यात मोडतं, आणि ते बूस्टरमध्ये बसायला तयार होईल का हा वेगळा लेख आहे.

सीट गाडीला जोडण्याचे दोन मार्ग. एक गाडीच्या बेल्टने, दुसरा आयसोफिक्सने. आसनाची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेत, २८ सेंटिमीटर अंतरावर, पेन्सिलीहून बारीक अशा दोन लोखंडी कड्या असतात. सीटच्या खालचे दोन जबडे त्यांत खटकन बसतात. सीट पुढे कलंडू नये म्हणून वरून एक पट्टा आसनाच्या पाठीमागच्या हुकात अडकवतात, त्याला टॉप टेदर म्हणतात. काही सीटना पट्ट्याऐवजी जमिनीवर टेकणारा पाय असतो. असा पाय असेल तर त्याखालची जमीन भरीव हवी. पायाखाली सामान ठेवायचा छुपा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर हा पाय टेकवून चालत नाही. आयसोफिक्सचा गुण असा की चुकायला जागा कमी. बेल्टने बांधलेली सीट ढिली राहते, पट्टा पिळला जातो, चुकीच्या खाचेतून जातो. आयसोफिक्सलाही मर्यादा आहेच. मूल आणि सीट मिळून वजन ३३ किलोच्या आत असावं अशी अट असते, आणि सीटच दहा-पंधरा किलोंची असते.

आणि आता मुख्य गोम. आपल्याकडच्या तीन रांगांच्या बहुतेक गाड्यांत या कड्या फक्त मधल्या रांगेत, दोन्ही कडेच्या जागांवर असतात. मधोमध नसतात, तिसऱ्या रांगेतही नसतात. म्हणजे सात जणांच्या गाडीत आयसोफिक्सच्या जागा दोन, आणि त्याच दोन जागा तिसऱ्या रांगेत जाण्याचे दरवाजे आहेत.

बाक असलेल्या गाड्यांत मधली रांग साठ-चाळीस अशी दुभंगते. तिसऱ्या रांगेत जायला त्यातला एक भाग उलटवून पुढे लोटायचा. बोलीभाषेत याला टम्बल म्हणतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, फूटपाथ डावीकडे असतो, म्हणून बहुतेक वेळा उलटणारी ही सोयीची बाजू डावी ठेवतात. बाळाची सीट डावीकडे लावली की ही वाट बंद. सीट लावलेलं आसन उलटत नाही, उलटवूही नये. उजवीकडे लावली तर वाट मोकळी, पण बाळाला आत ठेवायला आणि बाहेर काढायला रस्त्याच्या बाजूचं दार उघडावं लागतं. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला भर गर्दीत, मागून रिक्षा येत असताना, वाकून बाळाचे पट्टे लावायचे. मला विचाराल तर तरीही उजवी बाजूच पत्करावी, कारण पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात हा प्रश्न येत नाही, आणि बंद झालेली वाट मात्र कायमच बंद असते. पण दोन लहानग्यांसाठी दोन आयसोफिक्स सीट असतील तर ही निवडही हातात राहत नाही. मग तिसरी रांग नावापुरती. आजोबांनी डिकीतून चढायचं का?

यावर तीन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे मधल्या रांगेत बाकाऐवजी दोन सुटी आसनं, ज्यांना कॅप्टन सीट म्हणतात. त्यांच्या मधून माणूस मागे जाऊ शकतो, दोन्हींवर सीट लावलेल्या असल्या तरी. किंमत म्हणून एक जागा जाते आणि सातची गाडी सहाची होते. घरात माणसं सहाच असतील तर हा सौदा फायद्याचा. मात्र मधली वाट किती रुंद आहे ते गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन पाहावं. काही गाड्यांत ती वाट म्हणजे आडवं होऊन सरपटायची फट असते, आणि आसनांच्या आतल्या बाजूचे हातटेके तिला आणखी अरुंद करतात. हेच हातटेके रुंद कार सीटलाही अडवतात.

दुसरं उत्तर फुकटचं आहे आणि मला ते सगळ्यांत आवडतं: थोरल्याला मागे पाठवा. बूस्टरला कड्या लागत नाहीत, तीन ठिकाणी धरणारा नेहमीचा बेल्ट पुरतो. सात-आठ वर्षांचं पोर माकडासारखं मागे चढतं, त्याला तिसऱ्या रांगेतली उंच गुडघ्यांची बैठक त्रास देत नाही आणि ‘माझी मागची जागा’ म्हणून ते खूशही असतं. मग मधल्या रांगेत उजवीकडे बाळ, डावीकडे आजी, तिसऱ्या रांगेत थोरलं पोर आणि सोबत आजोबा किंवा आई. यात दोन गोष्टी तपासायच्या. तिसऱ्या रांगेतला बेल्ट खरोखर खांद्यावरून येणारा आहे ना, आणि त्याचं कुलूप आसनात इतकं रुतलेलं नाही ना की बूस्टर ठेवल्यावर पोराचा हात तिथवर पोचत नाही. आणखी एक: रिकामा बूस्टरही बेल्टने बांधून ठेवावा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तो पुढच्यांच्या डोक्यात येतो.

तिसरं उत्तर म्हणजे बेल्टने बांधायची कार सीटच तिसऱ्या रांगेत लावणं. नियमात बसतं, पण मी करणार नाही. बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत वीत-दीड वीत अंतर असतं, आणि मागून ट्रक आदळला तर चेंबायला तेवढीच जागा. थोरल्याला मागे बसवतानाही हा विचार मनातून जात नाही, हे कबूल केलं पाहिजे. शिवाय तिथे सीटचे पट्टे आवळायला आई-बाबांपैकी कुणालातरी कमरेत वाकून आत शिरावं लागतं, आणि कंटाळून पट्टे ढिले राहतात. घाटात गाडी लागणाऱ्या पोरांसाठीही मागची रांग वाईट. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर तिथे हेलकावा जास्त बसतो, बाहेरचं कमी दिसतं, आणि मग प्लास्टिकच्या पिशव्या शोधाव्या लागतात.

आता सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल. भारत एनकॅप ही आपली स्वतःची अपघात-चाचणी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सुरू झाली. त्याआधी २०१४ पासून ग्लोबल एनकॅप ही आंतरराष्ट्रीय संस्था भारतीय गाड्या आदळून पाहत होती. दोन्हींत मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे, पण जाहिरातीत बहुधा मोठ्यांचेच छापतात. मुलांसाठी एकूण ४९ गुण. त्यांतले २४ प्रत्यक्ष आदळण्याच्या चाचणीचे, जिथे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या सीटमध्ये बसवतात. उरलेल्या २५ पैकी १२ गुण वेगवेगळ्या कार सीट त्या गाडीत नीट बसतात की नाही यासाठी आणि १३ गुण गाडीत मुलांसाठी काय सोय आहे यासाठी: बेल्ट, कड्या, पुढच्या एअरबॅगबाबतची सूचना वगैरे. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण आदळण्याशी संबंधित नाहीत, सीट बसवण्याशी आहेत. आपण शोरूममध्ये विचारत नाही तोच प्रश्न हे परीक्षक विचारतात. मात्र बाहुल्या मधल्या रांगेत बसतात, आणि मागून आदळण्याची चाचणी या परीक्षेत नाही. तिसऱ्या रांगेबद्दल तारे जवळजवळ काही सांगत नाहीत. पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

मोठ्यांचे आणि मुलांचे तारे किती वेगळे असू शकतात याची दोन उदाहरणं. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी ५ तारे मिळाले आणि मुलांसाठी ३. किया कॅरेन्सचं २०२४ मध्ये बरोबर उलटं: मोठ्यांसाठी ३, मुलांसाठी ५. याच कॅरेन्सला २०२२ मध्ये मुलांसाठीही ३ होते. वर्ष बघितल्याशिवाय तारे मोजू नयेत ते यासाठी, आणि दुसरं म्हणजे २०२२ च्या मध्यापासून ग्लोबल एनकॅपने परीक्षाच कठीण केली. त्याआधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे एका तागडीत बसत नाहीत.

बाजारात नजर टाकू. स्वस्तातलं दार रेनॉ ट्रायबरचं. चार मीटरच्या आतल्या लांबीत तीन रांगा बसवायचा हा उद्योग हुशारीचा आहे, कारण तिसऱ्या रांगेची आसनं काढून घरी ठेवता येतात. ती काढली तर डिकी ६२५ लिटरची, लावली तर ८४ लिटरची. ८४ लिटरमध्ये प्रॅम मावत नाही. माझ्या हिशेबात ही चार-पाच जणांची, कधीमधी सहाची गाडी आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे. २०२१ मध्ये जुन्या परीक्षेत तिला मोठ्यांसाठी ४ आणि मुलांसाठी ३ तारे मिळाले होते.

मारुती अर्टिगा म्हणजे महाराष्ट्रातल्या टुरिस्ट टॅक्सीपासून डॉक्टरांच्या घरापर्यंत सगळीकडे दिसणारी गाडी. तिची लांबी २०२५ पर्यंत ४,३९५ मिलिमीटर होती, चाकांतलं अंतर २,७४०. टाटा सफारीची लांबी ४,६६८, चाकांतलं अंतर २,७४१. फुटाला जरा कमी एवढी जास्त लांब गाडी, आणि चाकांतल्या अंतरात फरक एका मिलिमीटरचा! माणसांना मिळणारी जागा बाहेरून गाडी केवढी दिसते यावर ठरत नाही, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही. अर्टिगाची मधली रांग मागे-पुढे सरकते. लांबलचक मागे-तोंड सीट लावताना या सरकण्याचं मोल कळतं. जमिनीपासून उंची कमी, त्यामुळे आजी सहज चढते आणि झोपलेलं बाळ सीटमध्ये ठेवताना कंबर धरत नाही. दुबळी बाजू सुरक्षेची. भारतात बनून दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, दोनच एअरबॅग असलेल्या अर्टिगाला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी २ तारे दिले. २०२५ मध्ये आपल्याकडे सगळ्या अर्टिगांत सहा एअरबॅग आल्या, ही सुधारणा आहेच, पण एअरबॅग वाढल्या म्हणजे सांगाडा बदलला असं नाही. सीएनजीची अर्टिगा घेणाऱ्यांनी डिकीत टाकी असते हे धरून चालावं. टोयोटा रुमियन ही तीच गाडी, आणि एक्सएल-६ म्हणजे तिचीच कॅप्टन सीटवाली सहा आसनी बहीण. दोन लहान मुलांच्या घराला मी अर्टिगाऐवजी एक्सएल-६ बघा असं सांगेन, निव्वळ त्या मधल्या वाटेसाठी.

किया कॅरेन्स या किमतीच्या पट्ट्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गाडी वाटते. चाकांतलं अंतर २,७८० मिलिमीटर, मधलं आसन बटण दाबून उलटतं, सहा आसनी रूपही मिळतं, आणि मुलांच्या ताऱ्यांबद्दल वर लिहिलंच आहे. मोठ्यांचे ३ तारे मात्र मनात खुपतात. मुलं सुखरूप आणि पुढे बसलेले आई-बाबा जायबंदी, हे कुणाला हवंय?

त्या एका मुद्द्यावर मग लोक उंच, दणकट गाड्यांकडे वळतात. टाटा सफारीने भारत एनकॅपच्या अगदी पहिल्या तुकडीत, डिसेंबर २०२३ मध्ये, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४ गुण मिळवले. दोन्हींत ५ तारे. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४ तारे होते, मुलांचे गुण ४१.६६. या गाड्या सुरक्षेत अव्वल आहेत, पण चढायला उंच, आणि तिसरी रांग उभी केली की डिकीत दोन सॅक आणि देवाचं सामान एवढंच. सफारीचं सहा आसनी रूप मुलांच्या सीटसाठी सोयीचं पडतं. ह्युंदाई अल्काझार आणि एमजी हेक्टर प्लस या मूळच्या पाच आसनी गाड्या मागे वाढवून केलेल्या, आणि तिसऱ्या रांगेत ते जाणवतं. स्कॉर्पिओ-एन ज्याला गावच्या कच्च्या रस्त्यावर रोज जायचंय त्याने घ्यावी. बाळ-आजी या जोडीसाठी ती गैरसोयीची.

टोयोटा इनोव्हाबद्दल नवं काय सांगणार. २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आली तेव्हापासून तिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं नाही, किंमत सोडून. या लेखाच्या प्रश्नाला तिच्याकडे सर्वांत सरळ उत्तर आहे: क्रिस्टा असो की हायक्रॉस, सात आसनी रूपात मधे दोन कॅप्टन सीट आणि मागे तिघांचा बाक. दोन्ही मुलांच्या सीट लावूनही मधली वाट उघडी राहते आणि तरी गाडी सहाची होत नाही, सातचीच राहते. २०२२ च्या अखेरीस आलेली हायक्रॉस जुन्या चौकटीवरची नाही, जमिनीला जवळ आहे, तिसऱ्या रांगेमागेही बॅगा मावतात, आणि २०२५ मध्ये तिला भारत एनकॅपचे ५ तारे मिळाले. पैसे असतील तर चर्चा इथे संपते. ज्यांच्याकडे याहून कितीतरी जास्त असतील त्यांच्यासाठी किया कार्निव्हल आहे, सरकत्या दारांची. अरुंद पार्किंगमध्ये बाळाला सीटमध्ये ठेवायला सरकत्या दारासारखं सुख नाही. ते सुख आपल्याकडे बहुतेक अशाच महाग गाड्यांत का मिळावं, हे मला कळलेलं नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना उगाच उभ्या नसतात.

एक प्रकार मात्र सरळ बाजूला ठेवावा: तिसऱ्या रांगेत समोरासमोर आडवी बसायची आसनं असलेल्या गाड्या. बोलेरो आणि बोलेरो निओमध्ये अशी असतात. गावाकडे त्यांचा उपयोग मोठा, पण आडव्या आसनावर कोणतीही कार सीट लावता येत नाही, बूस्टरसुद्धा नाही. मुलांच्या हिशेबाने ती पाच आसनी गाडी धरावी.

अमेरिकेतल्या आत्याने बॅगेतून आणलेल्या सीटबद्दल थोडं. तिकडच्या सीटवर तिकडच्या मानकाचा शिक्का असतो. आपला एआयएस-०७२ हा नियम युरोपीय वळणाचा आहे. अमेरिकी सीट आपल्या गाडीतल्या कड्यांना बहुतेक वेळा पट्ट्याने अडकते, छातीवर क्लिप असते ती युरोपीय सीटला नसते. अगदी वापरू नये असं मी म्हणणार नाही, पण ती आपल्या गाडीत हलवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. बांधलेल्या जागी धरून हलवली तर बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. कुणाच्या घरून आलेली वापरलेली सीट असेल तर ती कधी अपघातात होती का हे तोंडावर विचारावं. आणि मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर, पुढच्या आसनावर कधीही लावू नये. आपल्याकडच्या फार थोड्या गाड्यांत ती एअरबॅग बंद करायचं बटण असतं.

टेस्ट ड्राइव्हला जाताना म्हणून सगळा संसार सोबत न्यावा: कार सीट, बूस्टर, घडी केलेली प्रॅम आणि आजी. सेल्समन थोडा वैतागेल. सीट लावा, पुढचं आसन तुमच्या उंचीला लावा, मग आजीला तिसऱ्या रांगेत जाऊन यायला सांगा, दोन्ही बाजूंनी. तिसरी रांग उभी असताना डिकीत प्रॅम ठेवून दार लावून पाहा. आजी मागे बसायला नको म्हणाली तर ते नखरे नव्हेत. तुम्ही मोजलेली सात आसनं तिच्या लेखी पाच आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आणि सात जण वर्षातून दोनदाच, गणपतीला कोकणात आणि मे महिन्यात देवदर्शनाला जात असतील, एरवी चौघंच, तर रुंद मागच्या बाकाची पाच आसनी गाडी घेऊन त्या दोन वेळा इनोव्हा भाड्याने घेणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. आपली सीट भाड्याच्या गाडीत लावता येते. ठरवताना कॅप्टन सीटवालीच गाडी सांगावी आणि मागचे बेल्ट चालू आहेत ना ते आदल्या दिवशी विचारावं, कारण भाड्याच्या गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात.

सीट कव्हरचा हा रोग नव्या गाड्यांनाही जडतो. डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरीजवाला जाडजूड रेक्झिनची कव्हरं चढवून देतो. त्याखाली आयसोफिक्सच्या कड्या बुजतात, बेल्टची कुलपं आत जातात, आणि पुढच्या आसनांच्या कडेतून उघडणारी साइड एअरबॅग शिवणीत अडकू शकते. मुलं सांडतात, कव्हर हवंच, हे खरं. पण मग बसवताना समोर उभं राहून कड्यांपाशी मोकळी फट ठेवून घ्यावी, साइड एअरबॅग असलेल्या आसनांना त्यासाठीच शिवलेलं कव्हर मागावं, आणि गाडी शोरूममधून बाहेर काढायच्या आधी बाळाची सीट एकदा खटकन बसते ना ते पाहून घ्यावं.